किटली, हँडल आणि वारा

आमच्या घरी सध्या सुतारकाम चालू आहे आणि त्यामुळे रोज सकाळी अकरा वाजता मोटारसायकलवरून चहा आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. घरी चहा करता येत नाही असे नाही. पण ओटा, गॅस आणि तिथपर्यंत जाणारी वाट या तिन्ही गोष्टी प्लायवूडखाली गेल्या आहेत आणि त्या कधी वर येतील हे मिस्त्री सांगत नाहीत. टपरी घरापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे. जवळचीही एक आहे, परंतु तिथला चहा मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी निकालात काढला.

पूर्वी असा चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळत असे. टपरीवाला पातेल्यातून उकळता चहा पिशवीत ओतायचा, वरच्या भागात थोडी हवा कोंडून पिशवीला दोन गिरक्या द्यायचा आणि रबर असे आवळायचा की घरी ते सोडवताना नखे दुखावीत. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा या पिशव्या जाणार म्हणून मी मनातल्या मनात सुस्कारा टाकला होता, कारण उकळता चहा आणि पातळ प्लॅस्टिक यांची सलगी मला कधीच रुचली नव्हती. आता मी घरचीच ॲल्युमिनियमची किटली घेऊन जातो. टपरीवाला ती काठोकाठ भरतो, झाकण दाबून बसवतो, तोटीत वर्तमानपत्राच्या कागदाचा बोळा घालतो आणि न चुकता सांगतो, “तोंड मागं करा साहेब.” किटली डाव्या बाजूला हँडलला अडकवायची आणि तोटी मागच्या चाकाकडे ठेवायची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर पुढे धावणारा चहा तोटीऐवजी किटलीच्या पोटावर आपटतो. हे ज्ञान त्याला कोणी दिले, हे मी विचारलेले नाही. बहुधा त्याच्या गिऱ्हाइकांच्या पँटींनी दिले असावे.

किटली अडकवून मी गाडीला किक मारतो आणि त्या क्षणापासून तोच रस्ता निराळा होतो. एरवी या रस्त्यावरून मी पंधरा वर्षे स्प्लेंडर चालवीत आलो आहे आणि माझी समजूत होती की मला तो पाठ आहे. पण किटलीने मला त्याची खरी ओळख करून दिली. शाळेच्या फाटकासमोर डांबराला जी हलकीशी उंची आहे, जलवाहिनीसाठी खणलेला चर बुजवताना जी आडवी खाच राहून गेली आहे, वळणावरच्या गटाराचे झाकण ज्या बाजूने दोन बोटे वर आले आहे, ते सारे आता मला अंधारात सांगता येईल. मागून येणारी मुले हॉर्न वाजवून पुढे निघून जातात. जाताना ती एकदा वळून पाहतात आणि किटली दिसताच त्यांच्या चेहऱ्यावरचा राग ओसरून तिथे काहीशी दया येते.

सर्वांत मोठा शत्रू अर्थातच गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर आणि माथ्याची गोलाई 17 मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन त्यावरून फारसा त्रास न होता जावे. जवळजवळ एका खोलीएवढी रुंदी आणि जेमतेम अर्धी वीत उंची असलेला तो सौम्य उंचवटा मी आमच्या भागात अजून पाहिलेला नाही. आमच्याकडे गतिरोधक म्हणजे रस्त्यावर आडवे निजलेले माणूस असते, कधी कधी पोट वर केलेले. त्यावर आधी पुढचे चाक चढते आणि किटली मागे जाते. मग पुढचे चाक उतरते आणि किटली पुढे येते. आणि ती परत मागे निघण्याच्या बेतात असतानाच मागचे चाक चढते. वीतभर लांबीच्या लंबकाचा एक झोका पुरा व्हायला जेमतेम एक सेकंद लागतो. गतिरोधक नेमका तेवढ्याच अंतराने दोन धक्के देईल अशा वेगाने गाडी गेली, तर लहान मुलाच्या झोपाळ्याला मोठ्या माणसाने वेळ साधून ढकलावे तसे होते. सांडणे हे धक्क्यामुळे कमी आणि धक्क्याच्या वेळेमुळे अधिक होते. हातात कॉफीचा पेला घेऊन चालताना ती का सांडते यावर दोन संशोधकांनी रीतसर अभ्यास केला होता आणि त्याला 2012 साली इग नोबेल हे विनोदी, पण मानाचे पारितोषिकही मिळाले होते. तिथेही गोष्ट हीच होती, पावलांची लय पेल्यातल्या हिंदोळ्याच्या लयीजवळ जाते आणि कॉफी काठाबाहेर येते. त्या अभ्यासकांना मी आमचा शाळेसमोरचा गतिरोधक आनंदाने दाखवला असता.

वळणांची मात्र मला सुरुवातीला उगाच धास्ती वाटत होती. मोटारीत वळणावर हातातला चहा हमखास बाहेरच्या बाजूला कलंडतो, म्हणून मोटारसायकलवर तो त्याहून अधिक सांडेल असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. वळताना गाडी आत झुकते आणि ती बरोबर तेवढीच झुकते की वजनाचा सारा जोर गाडीच्या उभ्या रेषेतच राहावा. नाहीतर आपणच पडलो असतो. हँडलला लटकलेली किटलीही तेवढीच झुकते आणि आतल्या चहाला वळण आले होते याची वार्ताही लागत नाही. आमच्या सांगलीत विश्रामबागकडे वळणाऱ्या चौकात मी खाली नजर टाकून हे अनेकदा पाहिले आहे (पाहू नये, हे मान्य आहे): रस्ता तिरपा, गाडी तिरपी, मी तिरपा आणि किटली माझ्या गुडघ्याशी अगदी सरळ.

या विद्येतले खरे पंडित म्हणजे दूधवाले. सांगलीवाडीकडून आयर्विन पुलावरून पहाटे शहरात येणाऱ्या त्यांच्या गाड्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. सीटच्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्या वेल्डिंग करून घेतलेल्या आणि त्यांत बसवलेले दोन कॅन. चाळीस लिटरचा एक कॅन भरला की त्यात एक्केचाळीस किलो दूध असते, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड. असे दोन कॅन म्हणजे शंभर-सव्वाशे किलोच्या गाडीवर आणखी एक धडधाकट माणूस बसवण्यासारखेच आहे. आमच्याकडे रतीब घालणाऱ्या दूधवाल्यांना मी एकदा विचारले, “मामा, एवढं वजन घेऊन पुलावरून येताना भीती नाही वाटत?” ते म्हणाले, “भरल्या कॅनची भीती नसती. अर्ध्याची असती.” काठोकाठ भरलेल्या दुधाला हलायला जागाच नसते, त्यामुळे ते दगडासारखे निमूट बसते, पण घरोघरी मापे घालीत कॅन निम्म्यावर आला की दुधाला अंगण मिळते आणि ते त्यात धावू लागते. दोन्ही बाजूंचा तोल राहावा म्हणून मामा एक घर उजव्या कॅनमधून आणि एक घर डाव्यामधून करतात. शेवटच्या घरांपर्यंत पोहोचताना झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्याचा पांढरा थर धरलेला असतो, कारण रवीने करायचे काम तोवर रस्त्याने केलेले असते. कोणी कोणी कॅनच्या तोंडाशी दुधावर स्वच्छ गवताची पेंडी ठेवतात. मला तो अडाणीपणा वाटत असे. परंतु द्रवावर तरंगते काही असले की हिंदोळा लवकर मरतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर फेसाचे पाचेक थरही त्यासाठी पुरतात असे दाखवले आहे.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर हा सारा प्रश्न मुळातच मिटवलेला आहे. तिथे दूध आणीत नाहीत, म्हैस आणतात. गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात आणि जे काही हिंदकळायचे ते म्हशीच्या पोटात हिंदकळून झालेले असते.

माझा स्वतःचा मोठा पराभव उसाच्या रसाने केला. एका मे महिन्यात रसवंतीतून सहा ग्लास रस पिशवीत बांधून घेतला आणि किटली जिथे अडकवतो तिथेच ती पिशवी अडकवली. पिशवी किटलीपेक्षा लांब असते, हे ध्यानात आले नाही. पहिल्याच गतिरोधकावर ती इंडिकेटरच्या टोकाला लागली आणि फुटली. (चाकात गेली नाही हे नशीब, हँडलला लोंबती पिशवी बांधू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.) रस सरळ तापलेल्या इंजिनावर गेला, चुरचुरला आणि एका क्षणात भर रस्त्यावर गुऱ्हाळाचा वास सुटला. गुऱ्हाळात काहिलीभर रसाची काकवी व्हायला काही तास लागतात. माझ्या इंजिनाच्या पात्यांवर ती गाडी थांबवेपर्यंत तयार होती. पुढचे आठ-दहा दिवस गाडी तापली की तो वास यायचा आणि सिग्नलला शेजारचे लोक इकडेतिकडे पाहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडच्या पायापासून टाकीपर्यंत मुंग्यांची एक सरळ, शिस्तबद्ध रांग लागलेली होती.

मोटारसायकलवरून नेल्याने ज्याचे भले होते असे एकच पेय मी पाहिले आहे आणि ते म्हणजे छागलीतले पाणी. माझे काका जत तालुक्यात ग्रामसेवक होते. त्यांच्या राजदूतच्या लेगगार्डला जाड कॅनव्हासची एक पिशवी लटकलेली असे, तिला ते छागल म्हणत. कॅनव्हासमधून पाणी बाहेर पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता, दर ग्रॅमला साधारण 580 कॅलरी, आतल्या पाण्याकडून घेतली जाते. जितका वारा अधिक, तितके पाणी गार. त्यामुळे जतच्या उन्हात, जिथे सावली शोधायलाही गाडी काढावी लागे, तिथे काका गाडी हाकतील तसे पाणी निवत जाई. लहानपणी त्यांच्या मागे बसून मी त्या पाण्यासाठी खोटी तहान लागल्याचे सांगत असे. त्याला कॅनव्हासचा, ओल्या तंबूसारखा एक वास होता. झाकण उघडून ते पहिला घोट मला देत आणि म्हणत, “हळू, सांडू नको. हा वाऱ्याचा फ्रिज आहे.”

हे सगळे मला गेल्या मंगळवारी आठवायला हवे होते. त्या दिवशी मी मोठ्या ईर्ष्येने किटली आणली. ब्रेक असा दाबला की किटलीला कळू नये. गतिरोधकांवर दोन्ही पाय खाली टेकवून गाडी जवळजवळ हातात धरून नेली. एका ठिकाणी तर रिक्षाला आणि तिच्या मागच्या दोन गाड्यांना आधी जाऊ दिले. घरी पोहोचून झाकण काढले, तर चहा काठाशी होता तसाच होता आणि तोटीतला कागदाचा बोळासुद्धा कोरडा होता. मी किटली मिस्त्रींसमोर अशा थाटात ठेवली की जणू आयर्विन पूल मीच बांधला आहे. त्यांनी कपात चहा ओतला, एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून अतिशय आदराने विचारले, “चालत गेलतासा काय?”

ॲल्युमिनियमची पातळ किटली आणि समोरून लागणारा वारा, तोही नेहमीपेक्षा दुप्पट वेळ. गॅस प्लायवूडखाली असल्याने चहा पुन्हा गरम करण्याची सोय नव्हती. सगळ्यांनी तो तसाच, निवलेला प्यायला, मीही प्यालो.

बुधवारी निघताना मी किटलीभोवती घरातला जुना पंचा घट्ट गुंडाळला आणि तो कोरडा आहे ना, हे दोनदा चाचपून पाहिले.