आप्पांच्या दारातला ओंडका

होळीच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत कुणी गाढ झोपत नसे. वाई तालुक्यातलं, कृष्णेकाठचं आमचं गाव. पोरं लाकडं चोरायला निघायची, मोठी माणसं राखण करत बसायची, आणि तरी सकाळी घराघरातनं काहीतरी गेलेलं असायचं. हुडवीतल्या गोवऱ्या, कुंपणाचा खांब, मोडकी खाट, गव्हाणीची फळी.

१९८५ साली मी नऊ वर्षांची होते. मुलींना चोरीला नेत नसत. मला नेलं, कारण मला टिटवीसारखं ओरडता यायचं. कुणी कंदील घेऊन येताना दिसला की मी बोळाच्या तोंडाशी टिवटिव करायची आणि पोरं भिंतीला चिकटायची.

याला नुसता उनाडपणा म्हटलेलं मला आजही सोसत नाही. धर्मशास्त्राच्या जुन्या निबंधांत फाल्गुन शुद्ध पंचमीपासूनच्या दहा तिथींना होळीसाठी लाकूड चोरायची चक्क मुभा आहे. आजीला ग्रंथ ठाऊक नव्हता, पण नेम ठाऊक होते, आणि निघण्याआधी ती आमच्याकडून ते वदवून घ्यायची. नांगर, कुळव, पाभर, औताचं काही उचलायचं नाही. बाळंतिणीच्या घरच्या गोवऱ्यांना हात लावायचा नाही, तिच्या शेकाला त्या लागतात. एकट्या बाईच्या परसात शिरायचं नाही. हिरवं झाड तोडायचं नाही. मालकानं हात धरला तर लाकूड तिथंच टाकून निमूट माघारी यायचं. मालकालाही नेम होताच: एकदा होळीवर चढलेलं लाकूड परत मागायचं नाही. हल्ली कुठं कुठं लोकांची चांगली दारं, बाकडी उचलून जाळतात. ती होळीची चोरी नव्हे.

आप्पांच्या घरची चोरी सगळ्यात अवघड. ते अंगणात खाट टाकून, उशाला काठी घेऊन जागायचे. पण दर वर्षी त्यांच्या ओट्याच्या पार कडेला, खाटेपासून लांब, बाभळीचा एखादा ओंडका पडलेला असायचा. दोन पोरांना पेलेल एवढाच. तो वर्षभर वळचणीला असायचा आणि होळीच्या आदल्या दिवशीच ओट्यावर यायचा, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आम्ही ओंडका घेऊन कोपऱ्यावर पोचलो की मागनं आप्पांची बोंब उठायची. "धरा रे धरा! लुटलं मला!" काठी आपटत ते मारुतीच्या देवळापर्यंत धावत यायचे. एकदाही कुणी सापडलं नाही.

१९८६ च्या दिवाळीत काकू गेल्या. पुढच्या होळीला पोरांनी आपसात ठरवलं की यंदा आप्पांच्या दारात जायचं नाही. त्यांच्या घरी सण नाही, उगाच त्रास कशाला. आजीलाही ते बरोबर वाटलं.

धुळवडीच्या सकाळी मी होळीच्या निखाऱ्यावर तापवलेलं पाणी घेऊन येत होते. दारात आप्पा उभे. खांद्यावर तोच बाभळीचा ओंडका.

"का वो वैनी," ते आजीला म्हणाले, "पोरांनी मला वाळीत टाकलं का? रातभर जागा व्हतो मी."

आजीला काही बोलता आलं नाही. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या चुलतभावांना हाक मारली. दोघांनी तो ओंडका उचलला, नेऊन होळीच्या राखेवर ठेवला. खालची धग कमी झाली होती. ओली नव्हती ती बाभळ, पण जुनी, घट्ट. पेट घ्यायला दुपार झाली. तोवर आप्पा तिथंच पारावर बसून होते आणि पोरंही धुळवड सोडून त्यांच्याभोवती बसली होती.

पुढच्या वर्षी पहिली चोरी त्यांच्याकडं. मी बारा वर्षांची झाले होते आणि आजीनं मला बाहेर जाऊ दिलं नाही, म्हणून मी तिच्याशेजारी अंथरुणात पडून ऐकत होते. बराच वेळ काही नाही. मग आप्पांची बोंब उठली, काठी दगडावर आपटत देवळाच्या दिशेनं गेली.

"झाली बाई होळी," म्हणत आजी कुशीवर वळली आणि झोपली.