क्यू हातात आला की

इंग्रजी अक्षरखेळांत मुरलेला माणूस शब्दकोश उघडतो, पण अर्थाकडे ढुंकूनही बघत नाही. शब्द किती अक्षरांचा, त्यात अक्षरं कोणती आणि मागे 'एस' लागतो की नाही, एवढ्यावर त्याचं काम भागतं. पटत नसेल तर न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांच्याकडे बघा. फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं, म्हणजे अक्षरांच्या टाइल बोर्डवर मांडून शब्द जुळवायच्या खेळाचं, जागतिक विजेतेपद मिळवलं. चालणाऱ्या शब्दांची यादी पाठ होती. भाषा हवीच कशाला?

नवख्याची पहिली चूक म्हणजे लांब, भारदस्त शब्दांच्या मागे लागणं. स्क्रॅबलमध्ये हाताशी टाइल सातच, आणि पंधरा बाय पंधराचा बोर्ड बघता बघता गच्च होतो. तिथे तारतात ते दोन अक्षरांचे शब्द. कॉलिन्स शब्दकोशाच्या २०१९च्या यादीत ते १२७ आहेत, अमेरिकेच्या २०१८च्या यादीत १०७. तेवढे पाठ झाले की दुसऱ्याच्या शब्दाला खेटून आपला शब्द समांतर लावता येतो, आणि मग तीच टाइल आडवीही मोजली जाते, उभीही. 'एक्स'चे गुण आठ. डावीकडे 'ओ' आणि वर 'ए' आहे अशा, अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात तो ठेवला, तर आडवा 'ऑक्स' पंचवीस, उभा 'ॲक्स' पंचवीस. एका टाइलला पन्नास! सातही टाइल एकदम लावल्याचा बोनससुद्धा पन्नासच असतो.

'व्ही' हे अक्षर असलेला दोन अक्षरी शब्द मात्र एकही नाही. म्हणून 'व्ही' फार काळ सांभाळत बसू नये. पण समोरच्याची वाट अडवायची असेल तर त्याच्यासारखं अक्षर नाही, कारण त्याला खेटून काही लावणं अवघड. अमेरिकेच्या यादीत 'सी'ची तीच गत आहे. कॉलिन्समध्ये सी-एच चालतो. तेव्हा पाठांतराला बसण्याआधी आपण कोणत्या यादीनं खेळणार ते ठरवावं. दोन याद्यांची सरमिसळ झाली की चालणारा शब्द लावायचा धीर होत नाही आणि न चालणारा बिनधास्त लावला जातो.

या खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद. १९३०च्या दशकात त्यानं वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कोणतं अक्षर किती वेळा ठेवायचं ते ठरवलं. शंभर टाइलमध्ये 'ई' १२, 'ए' आणि 'आय' नऊ-नऊ. के, जे, एक्स, क्यू, झेड यांची एकेकच. 'एस' मात्र चारच, नाहीतर अनेकवचनं करण्यातच खेळ संपला असता. म्हणूनच 'एस' चार-दोन गुणांसाठी उधळू नये. त्याच्यामुळे निदान आठ-दहा गुण जास्त मिळणार असतील तरच खर्च करावा. कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या दोन कोऱ्या टाइल सोडल्या तर ४२ स्वर आणि ५६ व्यंजनं उरतात, म्हणजे सातांत तीन स्वर, चार व्यंजनं. लावताना किती गुण मिळाले याइतकंच मागे काय उरलं हेही बघायचं ते यासाठी.

आता क्यू. त्याच्याबरोबर 'यू' येईल म्हणून वाट बघत बसणं हा हमखास तोट्याचा धंदा, कारण 'यू' चारच आहेत. डाव संपताना क्यू हातात राहिला तर दहा गुण तुमचे वजा आणि टाइल आधी संपवणाऱ्याला दहा जमा, म्हणजे वीसचा फरक. यावर रामबाण एकच: क्यू-आय. उच्चार 'ची', अर्थ चिनी विचारातली जीवनशक्ती. पुढे एस लावून त्याचं अनेकवचनही होतं, आणि पुष्कळांना नेमकं तेच आठवत नाही. क्यूच्या पाठोपाठ 'यू' नसलेल्या बाकीच्या शब्दांत मराठी वाचकाला ओळखीचे चेहरे भेटतील: तलाक, फकीर, बुरखा, निकाब, काझी, कव्वाली. हे सगळे इंग्रजीत 'के'ऐवजी क्यूनंही लिहिले जातात. तलाकमध्ये तर क्यू अगदी शेवटी येतो. तरी भर क्यू-आयवरच ठेवावा, पाच-सहा अक्षरांना जागा मिळतेच असं नाही.

एकही स्वर आला नाही तर वेल्श भाषेतून आलेला सी-डब्ल्यू-एम म्हणजे दरी, किंवा 'एन'वा या अर्थाचा एन-टी-एच, किंवा पी-एस-टीसारखे हुंकार. नुसते स्वर आले तर ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई.

सात अक्षरी शब्द ए-टू-झेड पाठ करणं व्यर्थ आहे, कारण रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल ठेवायच्या पट्टीवर, अक्षरं त्या क्रमानं येत नाहीत. अनुभवी खेळाडू हातातली अक्षरं आधी वर्णक्रमानं लावतात: ए-ई-आय-एन-आर-एस-टी. हा क्रम दिसला की रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर हे सगळे एकदम आठवावेत, अशी सवय करायची. सहा अक्षरांचा गट पकडून त्याला सातवं कोणतं अक्षर चालतं, हे शिकणं सर्वांत किफायतशीर.

वर्डलमध्ये सगळं उलटं. २०२१ साली जॉश वॉर्डल यांनी आणलेल्या या खेळात दडलेला शब्द ओळखायचा; लांबी ठरलेली, पाच अक्षरं, आणि संधी सहा. बरोबर जागी लागलेलं अक्षर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकलेलं पिवळं. इथे शब्द माहीत नसल्यामुळे कमी, आणि फार माहीत असल्यामुळे जास्त अडतं. शेवटी आय-जी-एच-टी हिरवे झाले की फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट असे आठ उमेदवार. एकेक करून बघाल तर संधी संपतील. त्यापेक्षा फॉर्म्स टाका: एफ, आर, एम, एस चारही एका फटक्यात तपासले जातात. काहीच लागलं नाही तर लिनन: जागेवर एल लागला तर लाइट, एन दिसला तर नाइट, ई दिसला तर एट, यातलं काहीच नाही तर टाइट. फॉर्म्स हे अनेकवचन आहे आणि उत्तर म्हणून असं अनेकवचन सहसा येत नाही, पण इथे ते उत्तर असायची गरजच नाही. हार्ड मोडमध्ये ही पळवाट बंद. मिळालेली अक्षरं प्रत्येक प्रयत्नात वापरावीच लागतात. म्हणून तिथे सुरुवातीलाच या शेपटाचे शब्द टाकू नयेत.