तुम्ही विचारलंत म्हणून: ठरलेल्या कुस्तीत बघायचं काय?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारतात. परवा तर डेंटिस्टने विचारलं, माझं तोंड उघडं असताना. "ते जपानी कुस्तीचं सगळं आधीच ठरलेलं असतं ना हो? मग एवढं काय बघता?" विचारणाऱ्याचा आव असा, की ही बातमी मला आजवर कुणी दिलेलीच नाही.

ठरलेलं असतं. कोण जिंकणार हे दोघांनाही ठाऊक असतं. झालं समाधान? आता जरा माझं ऐका.

८ जून १९९०, तोक्योचं बुदोकान सभागृह. एका बाजूला जंबो त्सुरुता, वय ३९. म्युनिक ऑलिंपिकला ग्रीको-रोमन कुस्ती खेळून आलेला आणि तेव्हापासून ऑल जपान या कुस्ती भरवणाऱ्या कंपनीत मुरलेला. समोर मित्सुहारू मिसावा, २७ वर्षांचा. जवळजवळ सहा वर्षं तो टायगर मास्कचा मुखवटा घालून दोरांवरून उड्या मारत होता. महिन्याभरापूर्वी, १४ मे रोजी, ऐन सामन्यात त्याने जोडीदार कावादाकरवी मुखवट्याची नाडी सोडवून घेतली आणि उघड्या चेहऱ्याने उभा राहिला. त्याच सुमारास कंपनीचा दुसरा हुकमी पैलवान तेनर्यू सोडून गेला होता, नवा चेहरा हवाच होता. म्हणजे हिशोब धंद्याचाच, नाही म्हणत नाही मी.

असं सांगतात की त्सुरुताच जिंकायचा होता. पण बुदोकानवर जमलेल्या गर्दीचं "मिसावा, मिसावा" कानावर आलं आणि मालक जायंट बाबांनी निकाल फिरवला. मग आता सांगा, ठरवलं कोणी?

आणि निकाल फिरला म्हणून त्सुरुता काही ढिला पडत नाही. माझं सगळं प्रेम इथे आहे. पोरगा उडी घेतो, हा अंगावर आलेल्या डासाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघतो. कोपराचा तडाखा बसला की आधी त्याला राग येतो, वेदना मागाहून. एरवी मूठ वर करून "ओ!" म्हणाला की अख्खं बुदोकान त्याच्यामागे ओरडायचं, आज ते समोरच्याच्या नावाने ओरडतंय, हे त्याला कळलेलं दिसतं. चोवीस मिनिटं तो त्या पोराला एक गोष्ट फुकट देत नाही. शेवटी दोघंही एकमेकांना मागून कंबरेत धरून बॅकड्रॉप मारायला बघतात. बॅकड्रॉप म्हणजे उचलून स्वतःच्या मागे, पाठीवर आपटणं. त्सुरुताचं हुकमी हत्यार. मिसावाचे पाय सुटतात, आणि मिसावा हवेतच अंग पिळतो. खाली येताना त्सुरुता खाली, तो वर. पाय धरून ठेवलेला. पंच मोजतो, एक, दोन, तीन, आणि मिसावा जिंकतो. मिसावाला रडू आवरत नाही. ते रडूही ठरलेलं होतं म्हणायचं असेल तर म्हणा.

हा सामना मी बऱ्याच वर्षांनी इंटरनेटवर पाहिला, चित्र इतकं अंधूक की चेहरे ओळखायला दोन मिनिटं लागली. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर तयार असायचं. मी कुडाळकडचा. म्हणायचो, दशावतारात संकासुर मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी गाव पहाटेपर्यंत जागतंच की! लोक हसायचे, विषय संपायचा. मलाही ते उत्तर फार आवडायचं.

१३ जून २००९. हिरोशिमात मिसावा रिंगमध्ये उतरला, जोडीच्या सामन्यात. आता तो ४६ वर्षांचा, स्वतःच्या नोआ कंपनीचा अध्यक्ष, मान कधीचीच कामातून गेलेली. या वेळी अनुभवी बुजुर्ग तोच होता. प्रतिस्पर्ध्याने बॅकड्रॉप मारला. साधा, त्याने हजारदा खाल्लेला. तो उठला नाही. पंचाने सामना थांबवला, रिंगमध्येच छाती दाबणं सुरू झालं, प्रेक्षक त्याच्या नावाने हाका मारत राहिले, आणि त्याच रात्री इस्पितळात तो गेला.

संकासुर मेल्यावर रंगपटात येऊन चहा पितो. तेव्हापासून ते उत्तर मी कुणाला दिलेलं नाही.

मग बघणं सोडलंत का, हा तुमचा पुढचा प्रश्न. नाही सोडलं. नव्वदच्या दशकात याच माणसांनी एकमेकांना मानेवर, डोक्यावर आपटलं आणि मी ते सामने मिटक्या मारत पाहिलेत, आजही बघतो. तो बॅकड्रॉप अपघात होता, असं मी स्वतःला सांगतो. पण त्या मानेवर वर्षानुवर्षं जे साचलं, ते आमच्यासारख्यांच्या टाळ्यांसाठी साचलं होतं, आणि याला अपघात म्हणता येत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा, पण क्रिकेटच्या हेल्मेटचं उदाहरण नको, ते ऐकून झालंय. आणि हो, त्सुरुता काही रिंगमध्ये मेला नाही. काविळीच्या विषाणूने त्याचं यकृत निकामी केलं. २००० साली मनिलात यकृतरोपणाच्या शस्त्रक्रियेत तो गेला, ४९ व्या वर्षी. म्हणजे जपून खेळणाराही वाचला नाही, असा युक्तिवाद मी एकदा करून पाहिला होता. लंगडा आहे तो.

त्या आठ जूनबद्दल बोलणारे सगळे तिथेच थांबतात: तरुण जिंकला, युग बदललं. युग कसलं बदलतंय? १ सप्टेंबरला त्याच बुदोकानमध्ये त्सुरुताने त्याच मिसावाला पाडलं. एप्रिल १९९१ मध्ये ट्रिपल क्राउनसाठी, म्हणजे कंपनीच्या सर्वोच्च किताबासाठी, पुन्हा पाडलं. हेही ठरलेलंच होतं, कबूल. पण ते मला आजवर कुणी विचारलेलं नाही.