लीज की लिव्ह अँड लायसन्स? तुम्ही विचारलंत म्हणून

भाड्याच्या घरांचे करार करून देणं हे माझ्या वकिलीतलं रोजचं काम. सही करताना बरेच जण थबकतात आणि विचारतात, “मॅडम, आम्ही घर भाड्यानेच घेतोय ना? मग कागदावर ‘भाडेकरू’ कुठेच कसं नाही? लिव्ह अँड लायसन्स म्हणजे लीजच ना?” सामानाचा टेम्पो खाली उभा असतो, एजंट घड्याळ बघत असतो. तेवढ्यात सांगून होण्यासारखं हे नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

लीज वेगळं, लायसन्स वेगळं. दोन्हींची व्याख्या १८८२ सालच्याच, पण वेगवेगळ्या कायद्यांत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं लीज म्हणजे जागेच्या उपभोगाचा हक्क ठरलेल्या काळापुरता तुमच्याकडे येणं. उद्या मालकाने घर विकलं, तरी तो हक्क टिकतो आणि घेणाऱ्याला तो मानावा लागतो. सुखाधिकार कायद्यातलं लायसन्स ही नुसती परवानगी आहे. ती नसती तर तुमचं त्या घरात असणं बेकायदा ठरलं असतं, एवढंच ती सांगते. घरावर तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही. घर विकलं गेलं, तर नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो. भाडं तेवढंच, किल्ली तीच, पण पायाखालची जमीन वेगळी.

यातल्या ‘लिव्ह’ने अनेकांची फसगत होते. कोणी त्याचा अर्थ ‘राहणं’ घेतात, कोणी ‘सोडून जाणं’. खरं तर हा इंग्रजीतला जुना शब्द आहे आणि त्याचा अर्थ परवानगी. नोकरीतली ‘लिव्ह’ तीच. आपल्या ‘रजा’ शब्दातही सुट्टी आणि निरोपाची परवानगी अशा दोन्ही छटा आहेतच की. म्हणजे लिव्ह आणि लायसन्स हे एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी ठेवलेले आहेत. वकिली इंग्रजीची ती जुनी सवय.

मग महाराष्ट्रात जो तो लायसन्सच का करतो? याचं मूळ मुंबईत आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं फार अवघड केलं. त्या काळी ते संरक्षण गरजेचं होतं, असं मी आजही मानते. पण मालकांनी वाट शोधली: भाडेकरू ठेवायचाच नाही, परवानगी द्यायची. सरकारने १९७३ मध्ये कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू कराराने जागेत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूंचा दर्जा दिला. एका तारखेने असंख्य घरांचं भवितव्य बदललं. मालकांच्या मनातली धास्ती तिथून पक्की झाली.

न्यायालयं मथळ्यावर विसंबत नाहीत, हेही खरं. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या एकाच्या करारावर लायसन्स असं लिहिलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो करार लीज ठरवला, कारण जागेचा स्वतंत्र ताबा त्याच्याकडे होता. पण हा निकाल कुठेतरी वाचून ‘नावात काय आहे’ असं म्हणत माझ्याकडे येऊ नका. राहत्या घरासाठी आपल्याकडे आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा. ‘लायसेन्सी’ म्हणून सही केलीत की नंतर ‘मी तर भाडेकरू’ हे म्हणणं तिथे चालत नाही.

याच कलमाची दुसरी बाजू मालकांना मी आवर्जून वाचून दाखवते. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट शुल्क भरावं लागतं, हे त्यांना पाठ असतं. पण ताबा घ्यायचा तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून. कुलूप बदलणं, सामान जिन्यात ठेवणं ही परवानगी लायसन्स मालकाला देत नाही. परवानगी काढून घेतली तरी माणसाला निघायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, हे १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही आहे. ‘लायसन्स आहे, केव्हाही काढीन’ असं बोलणाऱ्या मालकाचं ऐकून घाबरून घर सोडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला अजून राग येतो.

राहता राहिले अकरा महिने. देशभर ही मुदत रूढ झाली, कारण नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात ती पळवाट नाही. इथल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोवर उलट सिद्ध होत नाही. तेव्हा ‘नोटरी करून टाकू, खर्च वाचेल’ असं एजंट म्हणाला, तर नको म्हणा आणि नोंदणी झाल्यावर इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची, प्रत मागून घ्या.