पासपोर्ट कितीदा बघतात आणि दरवेळी नक्की काय बघतात

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या कुणाशीही बोला, भीती एकाच गोष्टीची असते, इमिग्रेशन, म्हणजे देशात येता-जाताना सरकारी ऑफिसर पासपोर्ट तपासतो ते. तिथला ऑफिसर काय विचारेल, त्याचं बोलणं कळेल का, अडवलं तर काय करायचं. माझी मावशी निघालीये लवकरच, एकटीच, तर तिचंही रोज हेच. आणि मी तिला रोज सांगते, अगं मावशी, खरी परीक्षा त्याच्या आधीच होऊन जाते, चेक-इन काउंटरवर, आणि ती घेणारा माणूस सरकारी नसतोच मुळी, एअरलाइनचा असतो. तिला हे पटत नाही, म्हणून आता सविस्तर लिहूनच काढते, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

काउंटरवर काय, बॅग टाकायची नि बोर्डिंग पास घ्यायचा, असं वाटतं आपल्याला. मग तिथली मुलगी पासपोर्टची पानं उलटून व्हिसा बघायला लागते, परतीचं तिकीट मागते, राहणार कुठे विचारते, की लोकांचा पारा चढतो, हिला काय करायचंय? तर हिलाच करायचंय. कारण समोरच्या देशाने तुम्हाला आत घेतलं नाही तर तुम्हाला तिथून परत नेण्याची जबाबदारी ज्या एअरलाइनने नेलं तिच्यावर येते. विमान वाहतुकीबद्दलच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात हे सगळं लिहिलेलं आहे, आणि वर बरेच देश कागद नीट नसलेला प्रवासी आणला म्हणून एअरलाइनला दंडही ठोकतात, युरोपियन युनियनच्या २००१ च्या नियमात तर एकेका प्रवाशामागे हजारो युरो. म्हणून ती इतकी खोलात शिरते.

आणि ती काही मनानेही ठरवत नाही. तिच्या कम्प्युटरवर टिमॅटिक नावाची एक सिस्टिम असते, आयाटा म्हणजे एअरलाइन्सची जी जागतिक संघटना आहे ती चालवते. तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक, जाणार कुठे, मधे कुठे उतरणार, पासपोर्ट कधी संपतोय, हे घातलं की त्या प्रवासाला काय काय लागतं ते समोर येतं. त्यामुळे तिथे "आमच्या ओळखीचे गेले त्यांना नाही मागितलं" हे चालत नाही. त्यांचं प्रकरण वेगळं असेल, नियम बदलला असेल, काहीही असेल. तुमच्याकडे कागद असेल तर शांतपणे पुढे करा, आणि फोनमधे असला तरी एक प्रिंट जवळ ठेवाच, ऐन वेळी फोनची बॅटरी मान टाकते नाहीतर तिथलं वायफाय ओटीपीशिवाय चालत नाही, हे ठरलेलंच.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पासपोर्टच्या तारखेत. संपायला चार महिने आहेत, मी तर दोन आठवड्यात परत येणार, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम हा की खूप देशांना पासपोर्ट पुढचे सहा महिने चालू असलेला लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या गटाचा, हिशोब अजून वेगळा, तिथून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो वैध हवा आणि शिवाय तो गेल्या दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. तिकीट बुक करताना हे कोणी विचारत नाही, वेबसाइट पैसे घेऊन मोकळी होते, आणि कळतं कधी तर काउंटरवर. म्हणून तिकिटाआधी पासपोर्ट उघडून तारीख बघा. पानंही बघा, कोरी पानं उरलेली नसली तरी काही देश नाही म्हणतात.

नावाचं पण असंच. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखं हवं, घरी काय म्हणतात, बँकेत काय आहे, त्याच्याशी काही संबंध नाही. आडनाव कुठलं आणि नाव कुठलं यात शंका आली की पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सगळ्यात खाली त्या दोन विचित्र ओळी असतात ना, बाणासारखी चिन्हं भरलेल्या, त्या बघायच्या. पहिली ओळ पी अक्षराने सुरू होते, मग देशाचा तीन अक्षरी कोड, मग आडनाव, मग दोन बाण, मग बाकीचं नाव. मशीनच्या दृष्टीने तुमचं नाव तेवढंच. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ अक्षरं, उरलेली जागा बाणांनी भरलेली. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, संपायची तारीख, आणि यातल्या प्रत्येकाच्या मागे एक जास्तीचा आकडा चिकटवलेला असतो, तो आधीच्या अक्षरांवरून ७, ३, १ अशा पाढ्याने काढतात, म्हणजे कुणी मधला एखादा आकडा खोडून बदलला तर गणित जुळत नाही आणि मशीन लगेच ओरडतं. मला हे फार भारी वाटतं, साध्या दोन ओळीत केवढी हुशारी.

आणि हो, तिकिटावर नावाला चिकटून एमआर किंवा एमआरएस असं काहीतरी छापून येतं, मधे जागा न सोडता, त्याने घाबरू नका, ते सिस्टिमचं छापणंच तसं आहे. स्पेलिंगमधलं अक्षर चुकलं असेल तर मात्र लगेच फोन करा एअरलाइनला, एअरपोर्टवर जाऊन बघू म्हणू नका.

तारखेची एक गंमत सांगून ठेवते कारण यात चांगली शिकलेली माणसंसुद्धा फसतात. बरीच परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:३० असेल तर तुम्हाला १४ तारखेला रात्री एअरपोर्टवर असायला हवं. पंधराला रात्री जेवून निघालात तर विमान जाऊन जवळपास एक दिवस झालेला असेल.

वेळेचंच निघालंय तर, तिकिटावर असते ती विमान सुटायची वेळ, तिच्यावर काही ठरवू नका. परदेशी विमानांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, गेट सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि बंद म्हणजे बंद, विमान काचेतून दिसत असलं तरी. म्हणून तीन तास आधी पोचा म्हणतात. वेब चेक-इन केलं असलं तरी व्हिसा लागणाऱ्या देशात जाताना कागद कोणीतरी बघेपर्यंत तो बोर्डिंग पास अर्धवटच समजा, बऱ्याचदा पासवरच लिहून येतं की काउंटरवर जा. जा मग, थेट सिक्युरिटीला पळू नका.

बॅगेला लावतात त्या पट्टीकडे सहसा कुणी बघत नाही. बघा. तिच्यावर मोठ्या अक्षरात तीन अक्षरी कोड असतो, तो तुमच्या शेवटच्या मुक्कामाचा आहे ना एवढं तपासा, आणि नसेल तर तिथल्या तिथे विचारा की बॅग मधे कुठे घ्यायची. पट्टीचा छोटा तुकडा बोर्डिंग पासच्या मागे किंवा पासपोर्टवर चिकटवून देतात, त्यावर दहा आकडी नंबर असतो, बॅग हरवली तर तो नंबर हाच तुमचा पुरावा, म्हणून तो कचरा समजून फेकू नका. दोन बॅगांचं वजन मिळून बसतंय असंही चालत नाही नेहमी, आणि एक बॅग ३२ किलोच्या वर गेली तर जास्तीचे पैसे भरूनसुद्धा साधारणतः घेत नाहीत, कारण ती शेवटी कुणीतरी माणूसच उचलतो.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, जवळच्या बॅगेत ठेवायची. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमधे दिसते आणि विझवता येते, खाली सामानात पेटली तर अवघड. मर्यादा १०० वॉट-अवरची, बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप. तुमच्या पॉवर बँकवर २०००० एमएएच लिहिलं असेल तर त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा, ७४ येतात, म्हणजे चालेल. त्यावर काहीच छापलेलं नसेल तर मात्र काढून घेऊ शकतात.

सिक्युरिटीबद्दल फार लिहीत नाही, खिसे रिकामे करा आणि पुढे चला. फक्त लिक्विडचं. २००६ साली लंडनहून निघणारी विमानं लिक्विड स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला तेव्हापासून १०० मिलीचा नियम आलाय, आणि तो बाटलीच्या आकाराला लागतो, आत किती आहे त्याला नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाला थोडंसंच उरलंय हे तिथे ऐकून घेत नाहीत. काही एअरपोर्टवर नवे स्कॅनर आलेत आणि तिथे सूट मिळते, पण परतीच्या एअरपोर्टवर असेलच असं नाही. आणि बॉम्बचे विनोद, कृपया, नको.

आता ते इमिग्रेशन. निघताना आणि उतरताना दोन्हीकडे ते असतंच असं धरून चालतो आपण, पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारणारा ऑफिसर बसलेलाच नसतो, एअरलाइनकडूनच माहिती जाते. तेव्हा परतीच्या वेळी "शिक्का राहिला" म्हणून शोधत फिरू नका. बाकी देशात निघतानाचा ऑफिसर बघतो ते एवढंच, की हा तोच माणूस आहे का आणि याला जायला काही आडकाठी तर नाही. चष्मा, टोपी काढायला सांगितली तर काढा, पासपोर्टला घातलेलं कव्हर आधीच काढून ठेवा, आणि फोन खिशात.

उतरल्यावरचा ऑफिसर मात्र प्रश्न विचारतो. का आलात, किती दिवस, राहणार कुठे, परत कधी. चारच प्रश्न, फिरवून फिरवून. मावशीला मी सांगितलंय, विचारलं तेवढंच सांगायचं. मुलाचं शिक्षण, सुनेची नोकरी, नातू कसा लाघवी आहे हे सगळं नको. "मुलाला भेटायला आले, सहा आठवडे," संपलं. प्रश्न कळला नाही तर परत विचारा, नाहीतर दुभाषी मागा, अंदाजाने हो हो करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. राहण्याचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहिलेला हातात असू द्या, कारण उतरल्यावर सिम चालत नाही आणि पत्ता व्हॉट्सॅपमधे असतो.

एक गैरसमज इथे फार महागात पडतो. व्हिसावर शेवटची तारीख आहे म्हणजे तोपर्यंत राहता येतं, असं नाही हं. अमेरिकेत व्हिसाची तारीख ही आत यायची मुदत असते, राहायचं किती ते उतरल्यावर तिथला ऑफिसर ठरवतो. शेंगेनमधे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हा हिशोब, आणि छोट्या मुदतीच्या व्हिसावर तर दिवसांचा आकडाच छापलेला असतो, तो तारखांपेक्षा कमी असू शकतो. पूर्वी शिक्के मोजून हे धरायचे, आता ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी ईईएस सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झालीये, त्यामुळे एक दिवस जास्त राहिलात तरी कम्प्युटर विसरणार नाही.

काही ठिकाणी माणसाऐवजी ई-गेट असतं. तुमच्या पासपोर्टच्या कव्हरवर आयतासारखं चिन्ह आणि मधे गोल असेल तर आत चिप आहे. पासपोर्ट नुसता टेकवून भागत नाही, फोटोचं पान उघडून काचेवर पालथं ठेवावं लागतं, कारण मशीन आधी त्या खालच्या दोन ओळी वाचतं आणि त्यातल्या माहितीतूनच चिपची किल्ली बनवतं. पान हललं की किल्ली बनत नाही आणि दार उघडत नाही. तर हात स्थिर ठेवायचा, आणि नाहीच उघडलं तर काही बिघडत नाही, माणसाच्या रांगेत जायचं. ई-गेट सगळ्या देशांच्या पासपोर्टला खुलंही नसतं, वर पाटी असते.

मधे विमान बदलायचं असेल तर एकच प्रश्न महत्त्वाचा, तिकीट एक आहे की दोन वेगवेगळी. एकच असेल तर बॅग बहुतेक पुढे जाते आणि तुम्ही ट्रान्सफरच्या पाट्या धरून चालायचं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी काढली असतील तर मधल्या देशात इमिग्रेशन करून बाहेर पडून बॅग घेऊन परत चेक-इन करावं लागू शकतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसासुद्धा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी एअरलाइन थांबत नाही की पैसे देत नाही. पहिल्याच प्रवासाला हे धाडस कोणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, वाचले तेवढे पैसे मनस्तापात जातात. अमेरिकेत तर तिकीट एक असलं तरी पहिल्या एअरपोर्टवर इमिग्रेशन होतंच, नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागतो, आणि सहसा बॅगही तिथेच घेऊन परत टाकावी लागते.

बॅग आली नाही तर बॅगा फिरत येतात त्या पट्ट्याशेजारीच बॅगेज सर्व्हिसचं काउंटर असतं, बाहेर पडायच्या आधी तिथे तक्रार लिहून नंबर घ्या, घरी जाऊन फोन केला तर काम दुप्पट वाढतं. मग कस्टम्स, म्हणजे बाहेरून काय आणलंय त्याची तपासणी. हिरवा रस्ता म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, लाल म्हणजे आहे. आणलेली वस्तू चालते की नाही अशी शंका असेल तर लालमधून जाऊन विचारलेलं बरं, हिरव्यातून जाताना सापडली की ती लपवली असा अर्थ होतो. आणि घ्यायला येणाऱ्याला फोन करायचाय तो बॅगा हातात आल्यावर करा, इमिग्रेशनच्या रांगेत फोन काढलात तर ऑफिसर ओरडतो आणि घ्यायला आलेला माणूसही उगाच तासभर पार्किंगमधे अडकून बसतो.