'लंडन'च्या सोळा ओळी आणि एक सनद

एम. ए.ला असताना इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या 'लंडन' या कवितेचे औद्योगिकीकरणाच्या संदर्भात विश्लेषण करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सोळा ओळींसाठी एक रात्र पुष्कळ झाली, असे मला वाटले होते. पहिल्या खर्ड्याची पाच पाने वाफेचे इंजिन, कोळसा आणि खेडी सोडून आलेले मजूर यांनीच भरून गेली. बाईंनी तो परत करताना समासात एवढेच लिहिले होते : "कविता कुठे आहे?"

राग आला खरा; पण पुन्हा वाचताना ध्यानात आले की, या कवितेत एकही कारखाना नाही. धुराडी साफ करणारे पोर आहे, काळवंडत जाणारे चर्च आहे, म्हणजे कोळशाची काजळी आहे. मात्र कवीचा रोख यंत्रांवर नाही. तो कोणावर आहे हे शोधताना मी पहिल्याच कडव्यात, रस्त्यांना आणि थेम्स नदीलाही लावलेल्या 'चार्टर्ड' या विशेषणापाशी अडले. ब्लेकच्या वहीतल्या कच्च्या मसुद्यात तिथे आधी 'डर्टी' असा शब्द होता. घाणीबद्दल हळहळून मोकळे होता येते, मग त्याने तो का बदलला असेल? 'चार्टर' म्हणजे शाळेत इतिहासाच्या तासाला पाठ केलेली 'सनद', हे आठवले आणि गाठ सुटली. सनद म्हणजे कोणाला तरी बहाल केलेला हक्क, आणि म्हणूनच इतरांना नाकारलेला. कविता प्रसिद्ध झाली १७९४ मध्ये. आदल्याच वर्षी पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीची सनद वीस वर्षांसाठी वाढवून दिली होती. ब्लेकच्या डोळ्यांसमोर कंपनीच होती, असा दावा मी केला नाही; पण वाहत्या पाण्यावरही कोणाची तरी मालकी चढलेली पाहणारा हा कवी कशामुळे अस्वस्थ आहे, हे मला त्या मराठी शब्दामुळेच कळले.

पुढचे काम मोजणीचे होते. 'एव्हरी' हा शब्द सात वेळा येतो, त्यांतला पाच वेळा एकट्या दुसऱ्या कडव्यात, आणि ते कडवे संपते मनाच्या भट्टीत घडलेल्या बेड्यांपाशी. मी बाहेर शोधत होते ती भट्टी इथे होती. तिसरे कडवे हाताने उतरवून काढताना ओळींची आद्याक्षरे उभी वाचली गेली आणि 'हिअर', म्हणजे 'ऐक', हा शब्द समोर आला. आधीच्या कडव्याचा शेवटचा शब्दही तोच. आपल्या कविता छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर एकेक अक्षर उलटे लिहिणाऱ्या ब्लेकच्या हातून हे नकळत झाले असेल, असे मला वाटत नाही. त्याच कडव्यात सैनिकाचा उसासा रक्त होऊन राजवाड्याच्या भिंतींवरून ओघळतो, म्हणजे ऐकू येणारी गोष्ट दिसू लागते.

शेवटच्या ओळीतल्या लग्नाच्या शवगाडीने मात्र मला चार दिवस छळले. त्याच कडव्यातल्या तरुण वेश्येच्या शापात रोगाची लागणही आहे, आणि ती नवजात बाळापर्यंत व विवाहापर्यंत पोहोचते, असा अर्थ मी अखेर मांडला. अंतिम लेखनात वाफेचे इंजिन एका वाक्यापुरते उरले होते. बाईंनी तेही खोडले.