रिस्टोरेशन आणि रिनोव्हेशन

गोव्यात एखाद्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की इंग्रजी पत्रकात कधी ‘रिस्टोरेशन’ छापले जाते, तर कधी ‘रिनोव्हेशन’. पण हे दोन शब्द वेगवेगळी कामे सांगतात. वास्तू तिच्या पूर्वीच्या, पुराव्याने ठाऊक असलेल्या रूपात परत आणणे म्हणजे रिस्टोरेशन. जुनी वास्तू दुरुस्त करून आजच्या गरजेला आणि आवडीला साजेशी करणे म्हणजे रिनोव्हेशन. पहिल्या कामाला जुनी छायाचित्रे, मोजमापे आणि मूळ साहित्याची पारख लागते, तर दुसऱ्याला महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची, संमती आणि निधी पुरतो.

आपला जांभा चिरा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते, मात्र सिमेंटच्या गिलाव्याआड ती कोंडून राहते आणि भिंत आतून पोखरत जाते. त्यातच त्या भिंतीवर कावी असेल, म्हणजे ओल्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो खरवडून काढलेली पांढरी नक्षी असेल, तर गिलाव्याबरोबर तीही कायमची जाते; ती पुन्हा जशीच्या तशी करता येत नाही.

जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चच्या भिंतींना गिलावा होता. वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून १९५० च्या दशकात तो काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून उघडा पडलेला चिरा दर पावसाळ्यात झिजतो आहे. या कामाला रिस्टोरेशन म्हणता येणार नाही, कारण वास्तूचे मूळ रूप असे नव्हतेच.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारवले. दिवाडी बेटावरचे या देवाचे जुने देऊळ पोर्तुगीजांनी आधीच पाडले होते, त्यामुळे नार्व्यात पुढे चालू राहिली ती देवाची पूजा. इमारत नवी होती. अलीकडे पुरातत्त्व खात्याने हाती घेतलेल्या कामानंतर २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले, तेव्हा मात्र प्रश्न त्या १६६८ च्या वास्तूचे रूप राखण्याचाच होता.

रिनोव्हेशनला माझा विरोध नाही. अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या भाविकांच्या निवासात, नवी स्वच्छतागृहे, सभामंडपात चांगले दिवे, वृद्धांसाठी पायऱ्यांलगत उतार, हे सारे अवश्य व्हावे. गर्भगृह, दीपस्तंभ आणि कावीच्या भिंती यांना मात्र जुना चुना जाणणाऱ्या कारागिरांखेरीज कोणाचाही हात लागू नये.